गर्दीच्या कालव्यावर नॅरोबोट: लँगॉलेनचा वैतागाचा दिवस कसा निभवावा

लँगॉलेन कालवा इंग्लंडमधल्या चेशरमध्ये नँटविचजवळ हर्लस्टनला सुरू होतो आणि सुमारे 44 मैलांवर, वेल्समधल्या लँगॉलेन गावात, बोटींसाठी संपतो. वाटेत 21 लॉक (दोन्ही टोकांना फाटकं असलेल्या खोल्या, पाणी भरून-सोडून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या), बरेच उचलते पूल, तीन बोगदे आणि शेवटाकडे पॉन्टकसुल्टेचा प्रसिद्ध जलसेतू, म्हणजे कालवाच पेलणारा पूल. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचं हे काम 1805 मध्ये खुलं झालं, डी नदीपासून ते 126 फूट उंच आहे, आणि 2009 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शाळांना सुट्टी लागली की जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांना तोच बघायचा असतो, आणि ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत यावं लागतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये इथे एखादा दिवस असा उगवतोच, की सकाळी निघालेली बोट संध्याकाळपर्यंत नकाशावर दोन बोटंच सरकलेली असते.

भाड्याची नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांबलचक अरुंद बोट, चालवायला कुठलाही परवाना लागत नाही. बोट ताब्यात देताना तास-अर्धा तास शिकवतात, तेवढंच शिक्षण. म्हणजे रांगेतल्या निम्म्या बोटी तुमच्यासारख्याच नवशिक्यांच्या हातात असणार, हे धरूनच निघायचं.

वेळेचं गणित आधी

कालव्यावर अंतर मैलांत मोजून भागत नाही. जुना हिशेब असा: मैल अधिक लॉक, भागिले तीन, म्हणजे तास. हर्लस्टन ते रेनबरी सुमारे 6 मैल आणि 9 लॉक. बेरीज 15, म्हणजे पाच तास. रेनबरीपुढे ग्रिंडली ब्रुकच्या वर पोहोचेपर्यंत आणखी 6 मैल आणि 10 लॉक, म्हणजे अजून सव्वापाच तास. हे सगळं रिकाम्या कालव्याचं गणित आहे, आणि ऑगस्टमध्ये त्यात रांग मिळवायची असते.

रांगेचा हिशेब लॉकच्या रुंदीत आहे. इथले लॉक जेमतेम 7 फूट रुंद, नॅरोबोट 6 फूट 10 इंच. एका वेळी एकच बोट मावते. एक बोट आत घेणं, पाणी भरणं किंवा सोडणं, बाहेर काढणं याला सरावाच्या हातांना दहा-बारा मिनिटं लागतात. एक बोट चढते, मग त्याच पाण्यावर समोरची उतरते, म्हणून तुमच्या दिशेची बोट साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी एक सुटते. पुढे चार बोटी असतील तर दीड तास धरा. समोरून कुणी येत नसेल तरी वेळ फारसा वाचत नाही, कारण पुढची बोट घेण्याआधी लॉक पुन्हा रिकामं करावंच लागतं.

तिसरी गोष्ट पाण्याची ओढ. बहुतेक कालव्यांचं पाणी जवळजवळ स्थिर असतं, हा मात्र वाहता आहे. लँगॉलेनच्या वर हॉर्सशू फॉल्सला डी नदीचं पाणी कालव्यात घेतात आणि ते थेट हर्लस्टनच्या जलाशयात पिण्यासाठी जातं. लँगॉलेनकडे जाताना तुम्ही या ओढीविरुद्ध चालता. वेगमर्यादा ताशी 4 मैल असली तरी वरच्या अरुंद भागात ताशी दोन मैल पडले तरी पुष्कळ.

म्हणून गर्दीच्या दिवसांत सूत्रातून जितके तास येतील त्याच्या दीडपट धरा, आणि एका दिवसात सहा तासांहून जास्त चालण्याचा बेत करूच नका. बहुतेक बेत इथेच फसतात. एका आठवड्यात हर्लस्टनच्या खालून लँगॉलेनला जाऊन परत येणं कागदावर बसतं. ऑगस्टमध्ये त्यासाठी रोज नऊ-दहा तास टिलर (सुकाणूचा दांडा) धरावा लागतो, आणि तिसऱ्या दिवशी बोटीवर कुणी कुणाशी बोलत नाही. आठवडाच हातात असेल आणि जलसेतूच बघायचा असेल, तर व्हिटचर्च, एल्समिअर, चर्क किंवा ट्रेव्हर या बाजूच्या, भाड्याच्या बोटी देणाऱ्या तळावरून बोट घ्या. ग्रिंडली ब्रुकच्या वर गेलं की पुढचे सुमारे 20 मैल लॉक नाही, आणि मग न्यू मार्टनचे दोन एवढेच.

बोटी सहसा शुक्रवारी, शनिवारी किंवा सोमवारी दुपारी दोन-तीनच्या सुमारास सुटतात आणि परतीच्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास द्याव्या लागतात. शनिवारी दुपारी कुठल्याही तळाजवळ नवे चालक आडवेतिडवे असतात, तेव्हा त्या वेळी तिथून जाणं टाळता आलं तर टाळा. सर्वांत मोकळा वेळ सकाळी सहा ते साडेआठ. लवकर निघायला हरकत नाही, मात्र झोपलेल्या बोटींजवळून इंजिन अगदी संथ ठेवून जायचं. काठाला बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालू ठेवायचं नसतं, हाही नियम लक्षात असू द्या. आणि अंधार पडल्यावर भाड्याची बोट चालवायला बहुधा मनाईच असते.

निघण्याआधीची दहा मिनिटं

इंजिन थंड असताना तेल आणि कूलंटची पातळी बघा. पंख्याचा (प्रॉपेलरचा) दांडा बोटीतून बाहेर जातो तिथे एक ग्रीसचा पेच असतो. दिवसअखेरी तो हाताला जड लागेपर्यंत फिरवायचा, नाहीतर तिथून पाणी ठिबकत राहतं. इंजिनखालच्या खोलगट भागात पाणी साचलंय का ते बघा. पाण्याची टाकी बोटीनुसार 400-600 लिटरची असते आणि कालव्याकाठच्या नळावर ती भरायला पाऊण तास ते तासभर लागतो. नळावरही रांग असते, म्हणून टाकी निम्मी झाली की मिळेल त्या मोकळ्या नळावर भरून घ्या, तळ दिसायची वाट बघू नका. लॉकच्या रांगेत नळ हाताशी असेल तर थांबण्याचा वेळ सत्कारणी लागतो. पण रांग हलली की पाईप गुंडाळून जागा सोडायची.

दोन विंडलास जवळ हवेतच, तीन असले तर बरं. विंडलास म्हणजे लॉकची पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, उचलायचा इंग्रजी एल आकाराचा हँडल. तो पाण्यात पडतोच, आणि एकुलता एक पडला की बोट जागच्या जागी. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टची किल्ली नळ, स्वच्छतागृहं आणि रेनबरीचा विजेवरचा पूल यांना लागते. तिला बुचाचा गोळा लावलेला असेल तरच खिशाबाहेर काढा.

स्वयंपाकघराबद्दल दोन शब्द. सिंकचं पाणी सरळ कालव्यात पडतं, तेव्हा तळणीचं तेल आणि रश्श्याचा तवंग बरणीत जमा करून कचऱ्यात टाका. मिक्सर लावण्याआधी इन्व्हर्टरची क्षमता बघा. इंजिन चालू असताना लावलेला बरा. आणि कुकरच्या शिट्ट्या होत असताना लॉकमध्ये शिरू नका. भिंतीला साधी टक्कर बसली तरी शेगडीवरचं सगळं खाली येतं, आणि लॉकमध्ये टक्कर बसतेच.

लॉकची रांग

लॉकच्या खाली-वर बोलार्ड (दोरी गुंडाळायचे खुंट) लावलेला छोटा धक्का असतो. तो फक्त लॉकमधून जाणाऱ्यांसाठी. तिथे बोट बांधून जेवायला बसणं हा कालव्यावरचा सर्वांत मोठा उद्धटपणा. धक्का भरला असेल तर मागे काठाला लागा आणि बोटीच्या मधल्या दोरीने सैलसर धरून ठेवा. पाण्याच्या मध्यभागी तरंगत वाट बघायचा मोह होतो. पण वारा असेल तर 57 फुटांची बोट दोन मिनिटांत आडवी होते आणि मग दोन्ही बाजूंची रांग तुमच्याकडे बघत बसते.

बोट लागली की विंडलास घेऊन एक-दोघांनी लॉकवर चालत जा. रांग कुठून कुठपर्यंत आहे ते विचारा, पुढच्यांची फाटकं उघडायला मदत करा. यात भलेपणा आहेच, पण स्वार्थही आहे: चार हात असले की प्रत्येक बोटीमागे दोन-तीन मिनिटं वाचतात आणि तुमची पाळी तेवढी लवकर येते. शिवाय तुमचा नंबर कुठे आहे हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

एक नियम मात्र कधी मोडू नका. लॉक समोरच्या बोटीच्या बाजूने तयार असेल, म्हणजे आतलं पाणी तिच्या पातळीला असेल, आणि ती बोट दिसत असेल, तर ते पाणी तिचं. आपल्यासाठी लॉक उलटवून घेणं म्हणजे त्यांचं पाणी पळवणं, आणि त्यावरून इथे खरी भांडणं होतात. वळणामुळे पलीकडचं दिसत नसेल तर आधी एकाला चालत पुढे पाठवून बघा.

ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक आहेत. खालचे तीन सुटे, वरचे तीन एकाला एक चिकटलेले, म्हणजे जिन्याचे. जिन्यात समोरासमोरच्या बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, म्हणून काही बोटी चढवायच्या आणि मग तितक्या उतरवायच्या, अशा फेऱ्या चालतात. हंगामात इथे ट्रस्टचे स्वयंसेवक लॉककीपर असतात. पोहोचताच बोट बांधा, चालत वर जा, त्यांना बोटीचं नाव सांगा, आणि ते सांगतील तेच करा. न विचारता खालच्या लॉकमध्ये शिरलात तर मधल्या आखूड टप्प्यात उतरणाऱ्या बोटीसमोर अडकाल. ऑगस्टच्या दुपारी इथे दोन तास सहज जातात, म्हणून शक्य तर सकाळी पहिल्या पाळीत पोहोचेल अशा बेताने आदल्या रात्रीचा मुक्काम करा.

लॉककीपर नसतील तेव्हा जिन्याचा क्रम असा: चढताना सर्वांत खालची खोली रिकामी आणि वरच्या दोन्ही भरलेल्या, उतरताना सर्वांत वरची भरलेली आणि खालच्या दोन्ही रिकाम्या. एका खोलीचं पाणी सरळ खालच्या खोलीत जातं. खालची आधीच भरलेली असेल तर ते काठावरून सांडतं. वरची रिकामी असेल तर तुम्हाला चढायला पाणीच उरत नाही. एकही पॅडल उचलण्याआधी तिन्ही खोल्या चालत जाऊन बघायच्या.

लॉकमध्ये काय चुकतं

लँगॉलेनची खास डोकेदुखी बायवॉश. कालवा वाहता असल्यामुळे जादा पाणी लॉकला वळसा घालून बाजूच्या चरातून जातं आणि लॉकच्या खालच्या तोंडाशी आडवं येऊन पडतं. खालून शिरताना हा लोट बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बाजूला ढकलतो. नवखा माणूस घाबरून वेग कमी करतो, मग टिलर ऐकत नाही आणि बोट भिंतीवर आपटते. करायचं ते याच्या उलट: लोट ज्या बाजूने येतो त्या बाजूला नाळ थोडी रोखून धरा, बेताची पण ठाम गती ठेवा, आणि नाळ दोन भिंतींच्या मध्ये गेली की लगेच इंजिन मागे टाकून वेग मारा. लोट कुठल्या बाजूचा आहे हे आधीच्या बोटीकडे बघून कळतं. रांगेत उभं राहण्याचा हा एक फायदा.

चढताना बोट आत आल्यावर खालची फाटकं लावा, मग वरच्या बाजूची जमिनीतली पॅडल आधी अर्धीच उचला. पाणी घुसलं की बोट मागेपुढे ओढली जाते. इंजिन अगदी संथ पुढे ठेवून नाळेचा फेंडर (टक्कर झेलणारी गादी) पुढे टेकवून धरला की ती कमी हलते. फाटकातली पॅडल असलीच, तर जमिनीतल्यांनी पाणी पुरेसं चढल्यावरच. आधी उचलली तर लोट थेट पुढच्या डेकवर येतो. फेंडर फाटकाच्या आडव्या पट्टीखाली अडकत नाही ना, यावर एकाची नजर सतत हवी. अडकलाच तर वरची पॅडल ताबडतोब खाली, आणि खालची उघडून बोट उतरवायची.

उतरताना धोका मागे असतो. वरच्या फाटकाखाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा आत आलेला असतो; त्याला सिल म्हणतात. भरलेल्या लॉकमध्ये तो दिसत नाही, काठावर पांढरी रेघ तेवढी असते. बोटीची पिछाडी त्या रेघेच्या पुढेच हवी. मागे राहिली तर पाणी उतरताना सुकाणू सिलवर बसतं, नाळ खाली जाते आणि पुढच्या दारातून पाणी आत घुसून बोट बुडते. दर वर्षी शिकवलं जातं, तरी बोटी बुडतात, आणि बहुतेक वेळा टिलरवरचा माणूस तेव्हा फोनवर किंवा गप्पांत असतो. पिछाडी अडकतेय असं वाटलं तर खालची पॅडल लगेच पाडा, आणि मग वरची हळूहळू उघडून पाणी पुन्हा चढवा. उतरताना दोरी कधीही गाठ मारून बांधू नका. बोलार्डला एक वेढा देऊन हातात धरा, तीही गरज असेल तरच.

विंडलास पॅडलच्या दांड्यावर तसाच सोडून जायचा नाही. पॅडल वर धरून ठेवणारी खुंटी सुटली तर तो गरगर फिरतो आणि हात मोडतो. आणि पंधरा-अठरा टनांची बोट हातापायाने अडवायला जाऊ नये. भिंतीवर आपटली तर आपटू द्या, पोलादाला पोचा येईल एवढंच.

समोरून बोट आली

कालव्यावर उजवीकडून चालायचं, म्हणजे समोरची बोट तुमच्या डावीकडून जाते. भारतातून किंवा ब्रिटनच्या रस्त्यावरून आलेल्याचा हात नेमका उलट जातो. कालव्याचा तळ ताटलीसारखा, मध्ये खोल आणि काठाशी उथळ. म्हणून फार आधी काठाला सरकू नका. मध्यातूनच चालत राहा, बोटी दोन-तीन लांबींवर आल्या की नाळ उजवीकडे काढा, आणि तुमची नाळ त्यांच्या मध्यापाशी आली की त्यांच्या पिछाडीमागे पुन्हा मध्यात वळायला लागा. इंजिन न्यूट्रलमध्ये टाकू नका. पंख्याचं पाणी सुकाणूवर आदळतं तेव्हाच बोट वळते. वळतानाही ती मधल्या बिंदूभोवती फिरते: टिलर डावीकडे नेला की नाळ उजवीकडे जाते, पण पिछाडी डावीकडे झाडल्यासारखी फिरते आणि शेजारच्याला लागते.

बांधलेल्या बोटींजवळून इंजिन अगदी संथ, आणि तेही पहिल्या बोटीच्या बऱ्याच आधीपासून. जाणारी बोट पाणी ओढून घेते, बांधलेली बोट पुढेमागे खेचली जाते आणि तिच्या खुंट्या मऊ जमिनीतून उपटून येतात. खिडकीतून कुणी ओरडलं तर वाद घालू नका, वेग कमी करा. चूक बहुधा आपलीच असते.

रुतलात तर पुढे जोर लावू नका. त्याने बोट आणखी चढून बसते. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे जायचा प्रयत्न करा. जमलं नाही तर सगळ्यांना खोल पाण्याच्या बाजूला उभं करा, आणि एकाने लांब बांबूने नाळेपासून काठाला रेटा द्यावा. बांबू छातीला किंवा खांद्याला लावायचा नाही, अंगाच्या बाजूला धरायचा. शेजारून दुसरी बोट गेली की तिच्या लाटेत पाणी क्षणभर वर येतं. तेवढ्यात बरेचदा सुटका होते.

पंख्यात काही अडकलं तर

इंजिन थरथरतं, काळा धूर येतो, वेग पडतो, टिलर जड होतो. आधी दोन-तीन वेळा जोरात रिव्हर्स द्या. पिशवी किंवा गवत असेल तर सुटून जातं. नाही सुटलं तर काठाला लागा आणि वीड हॅच उघडा. पंख्याच्या बरोबर वर ठेवलेलं हे झाकण असतं.

1. इंजिन बंद करा आणि किल्ली काढून हॅचमध्ये हात घालणाऱ्याच्याच खिशात ठेवा.
2. डेक उघडा, झाकणावरचा पेच सोडवा, झाकण सरळ वर उचला. आत पाणी दिसेल. ते हॅचच्या कडेखालीच राहतं.
3. जाड हातमोजे घाला आणि आधी बोटांनी चाचपा. कापड आणि दोरी दातेरी पाव-सुरीने कापावी. तारेला पक्कड किंवा कटर लागतो. ओढण्याआधी दांडा हाताने उलटा फिरवून बघा, कधी कधी सगळं आपोआप उलगडतं.
4. निघालेली घाण परत पाण्यात टाकू नका. पुढच्याच्या पंख्यात जाईल.
5. झाकण लावताना रबराची पट्टी नीट बसली का ते बघा, पेच पूर्ण आवळा. मग इंजिन लावून क्षणभर गिअरमध्ये टाका आणि झाकणाच्या कडेने पाणी येत नाही याची खात्री करा.

पाचवी पायरी घाईत सुटते, आणि सैल झाकणातून पंखा इंजिनखोलीत पाणी फेकत राहून बोट बुडवू शकतो.

लँगॉलेनवर बहुतेक गवत आणि पिशव्याच सापडतात. शहरातल्या कालव्यांवर गाद्या, तारा, कपडे, आणि हो, साड्याही. पाच-सहा मीटर कापड दांड्याभोवती असं आवळतं की सुरीशिवाय पर्याय नसतो. लंडनच्या पश्चिमेला साउथॉलच्या बाजूने ग्रँड युनियनवर गेलात तर नारळ तरंगताना दिसतील. ते कुठून आले हे मराठी माणसाला सांगायला नको.

कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोचा धोका असतो. मुंबई-कोकणातल्यांना पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालताना जी काळजी घ्यायची असते तीच इथे: जखमेवर पाणी न शिरेल अशी पट्टी, काम झाल्यावर साबणाने हात, आणि नंतर काही दिवसांत ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरला कालव्याबद्दल आवर्जून सांगणं.

बोगदे, जलसेतू आणि अरुंद वाटा

एल्समिअरचा बोगदा 87 यार्ड, व्हाइटहाउसेसचा 191, चर्कचा 459. चर्कला दोन बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. तोंडाशी थांबून आत नीट बघा. समोर दिवा दिसला तर बाजूला थांबा, आणि बाहेर येणाऱ्याला वळायला जागा सोडा. पुढचा दिवा लावून, एक लांब हॉर्न देऊन शिरा. लँगॉलेनकडे जाताना चर्कमध्ये ओढ विरुद्ध असते. अरुंद नळीतून बोट पाणी पुढे ढकलते आणि ते बाजूने मागे यायला जागाच नसते, म्हणून इंजिन कितीही फिरवलं तरी वेग वाढत नाही. पिछाडी उलट खाली बसते. इंजिनाचे फेरे थोडे कमी केलेत तर बोट तितकीच जाते आणि आवाज निम्मा होतो. हेच चर्कच्या 1801 च्या जलसेतूवर आणि ट्रेव्हरच्या पुढेही लागू.

पॉन्टकसुल्टे 1,007 फूट लांब आहे. बिडाच्या पन्हळीत एकाच बोटीला वाट. समोरच्या टोकाकडे बघा, बोट अर्ध्यावर असेल तर थांबा. तुमच्या दिशेच्या दोन-तीन बोटी एकापाठोपाठ जात असतील तर त्यांच्या मागे जा. चालायच्या वाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बोटीतून पाहिलं तर सरळ दरी. मुलं केबिनमध्ये किंवा पुढच्या खोलगट डेकवर बसलेली, छतावर कुणी नाही. फोटोसाठी थांबू नका. मागची रांग तशीच खोळंबते, आणि चालत परत जाऊन निवांत काढता येतात.

जलसेतू संपताच ट्रेव्हरला लँगॉलेनची वाट पुलाखालून काटकोनात डावीकडे वळते. सरळ जाणारी शाखा तळाकडे जाते. पुलापलीकडचं दिसत नाही, म्हणून एक माणूस आधी उतरवून पुढे पाठवा. ट्रेव्हर ते लँगॉलेनमधले अरुंद तुकडे तर असे आहेत, की एकाने फोन घेऊन काठाने पुढे चालत जायचं, समोरून येणाऱ्याला थांबवायचं आणि मग बोटीला बोलवायचं. हा माणूस शेवटच्या तुकड्यापर्यंत पुढेच ठेवा. मध्यावर दोन बोटी समोरासमोर आल्या तर ओढीविरुद्ध चढणाऱ्याने मागे जाणं सोपं वाटतं खरं, पण मागे जाताना नॅरोबोट वळतच नाही, आणि मागे तीन बोटी उभ्या असतात.

लँगॉलेनपुढे इंजिनाच्या बोटींना जायची परवानगी नाही, तिथून घोड्याने ओढलेल्या बोटी जातात. म्हणजे वळायचं लँगॉलेनलाच. तिथली जागा भरली असेल तर ट्रेव्हरला बोट बांधून बाकीचं अंतर काठाने पायी जा. बोटीपेक्षा लवकर पोहोचाल.

मुक्काम

गर्दीत मुक्कामाची जागा दुपारी तीन-चारला धरायची. सहाला शोधायला लागलात की गावाजवळचं सगळं भरलेलं. पाट्यांवर 24 किंवा 48 तासांची मर्यादा असते, ती पाळा. नळासमोर, लॉकच्या धक्क्यावर, पुलाखाली, वळणावर किंवा बोट वळवायच्या खाचेत बांधायचं नाही. काठाला पत्र्याची कड असेल तर त्यात अडकवायचे हूक वापरा, लोखंडी खुंट्यांपेक्षा ते पक्के. खुंटी ठोकायचीच तर तिरकी ठोका, दोरी बोटीपासून पुढे आणि मागे कललेली ठेवा, आणि खुंटीच्या डोक्यावर पांढरी पिशवी बांधा. संध्याकाळी काठाने सायकली जातात.

परतीला ओढ तुमच्या बाजूने असते. बोट हलकी वाटते, पण थांबायला जास्त अंतर लागतं, आणि पुलाखाली किंवा लॉकच्या वरच्या तोंडाशी रिव्हर्स नेहमीपेक्षा आधी टाकावा लागतो. आणि हिशेब करा: बोट द्यायच्या आदल्या दिवशी सगळेच परत येत असतात. रेनबरीच्या पुलाजवळ बोटींची रांग आणि रस्त्यावर गाड्यांची रांग एकाच वेळी लागते; पूल उघडणाऱ्याने तीन-चार बोटी सोडून तो खाली घ्यावा, आणि फळी ज्या बाजूला कललेली असेल त्या बाजूपासून केबिन लांब ठेवून जावं. शेवटचा मुक्काम तळापासून तासाभराच्या आतच ठेवा, मध्ये एकही लॉक न ठेवता.